ल्यूकचा लाइटसेबर: जुना दांडा की नवा?
१९७७च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातला नायक ल्यूकचा लाइटसेबर (प्रकाशाच्या पात्याची तलवार) मुळात ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या ३ सेलवाल्या फ्लॅशचा दांडा. चित्रपटाचे सेट सजावटकार रॉजर ख्रिश्चन यांना तो लंडनच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात सापडला. हुबेहूब प्रतिकृती करायची तर जुना दांडा शोधावा की नवा बनवलेला घ्यावा?

जुन्याचं बूड आधी पाहा: कंपनीचं नाव ठशाने उमटलेलं असतं. दांड्याभोवतीच्या क्लॅम्पची (आवळपट्टीची) खटकी दाबली की तो अस्सल आहे हे बोटालाच कळतं. वर्षानुवर्षं हाताळून आलेली ती मंद चकाकी नव्याला येत नाही. नवा मात्र सहज मिळतो आणि पकडीच्या काळ्या पट्ट्या चिकटवताना, भोक पाडताना जीव वरखाली होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मापं जुन्याची घ्यावीत, ड्रिल नव्यावर चालवावं. जुन्याचा एक स्क्रूसुद्धा मी हलवणार नाही.