घरात कोरकू, गोंडी, पावरी बोलणाऱ्या मुलांना वाचायला शिकवायचंय. शिक्षकांच्या तयारीची कोणती वाट निवडावी?

मेळघाटातलं धारणी, नंदुरबारचं धडगाव, गडचिरोलीतलं भामरागड, यवतमाळातलं केळापूर. या तालुक्यांतल्या एखाद्या केंद्रात दहा-बारा जिल्हा परिषद शाळा धरा. त्यातल्या बहुतेक द्विशिक्षकी, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असेल तर दोनच शिक्षक मिळतात. पहिलीत येऊन बसलेल्या मुलाच्या घरी मराठी नसते. पुस्तक मराठीत, फळा मराठीत, गुरुजी मराठीत.

वर्षाला थोडा निधी हाती येतो आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना, केंद्रप्रमुखांना किंवा तिथे काम करणाऱ्या संस्थेला ठरवावं लागतं की या शिक्षकांची तयारी कशी करून घ्यायची. समोर साधारण चार वाटा असतात: जूनमधली कार्यशाळा, मोबाइलवरचा ऑनलाइन कोर्स, वर्गात येऊन बसणारा सोबती, आणि गावातलाच भाषा-सहायक. निवड बहुतेक वेळा निधीचा आकडा पाहून होते. माझ्या मते ती दोन गोष्टींवर व्हायला हवी. मुलाची भाषा मराठीपासून किती लांब आहे, आणि शिक्षक त्या शाळेत किती वर्षं टिकणार आहे.

आधी भाषेचं अंतर

आपण या सगळ्या भाषांना सरसकट ‘बोली’ म्हणतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. वारली, कोकणा, पावरी, मावची, अहिराणी या मराठीच्याच मोठ्या कुळातल्या. गोंडी, माडिया, कोलामी द्रविड कुळातल्या, म्हणजे तेलुगूच्या नात्यातल्या. कोरकू तर मुंडा शाखेची. तिची भावंडं संथाळी आणि मुंडारी, तिकडे झारखंड-ओडिशात. कोरकूत पाण्याला ‘डा’ म्हणतात, गोंडीत ‘येर’. फळ्यावरचं ‘पाणी’ नीट वाचता आलं तरी या मुलाच्या मनात काहीच उमटत नाही.

खानदेशात वेगळंच घडतं. पुस्तकात ‘डोळा’ लिहिलंय आणि मूल ‘डोया’ वाचतं. शिक्षक चूक धरतात. खरं तर त्या मुलानं अक्षरं ओळखली, शब्द जुळवला, अर्थ लावला आणि मग तो घरच्या उच्चारात म्हटला, कारण अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ज्याला वाचता येत नाही त्याला ‘डोया’ म्हणताच आलं नसतं. इथे शिक्षकाचा फक्त कान तयार व्हायला हवा, आणि कान दोन-तीन दिवसांच्या चांगल्या सरावात तयार होतो.

कोरकू मूल ‘पुस्तक फाटला’ म्हणतं तेव्हा मात्र गोष्ट खोल असते. मराठीत तीन लिंगं. कोरकूत सजीव आणि निर्जीव असा भेद. गोंडीत पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया, जनावरं, वस्तू सगळं दुसऱ्या बाजूला. हे मूल एका व्याकरणातून दुसऱ्यात जातंय. दर वाक्याला टोकलं तर ते बोलणंच सोडतं. इथे शिक्षकाला मुलाच्या भाषेचं थोडं तरी ज्ञान हवं, तोंडी मराठी पायरीपायरीनं कशी वाढवायची हे यायला हवं, आणि त्याला बराच काळ आधार हवा. पाच दिवसांच्या प्रशिक्षणात हे बसत नाही.

कार्यशाळा

कार्यशाळा स्वस्त पडते आणि एकाच वेळी सगळ्यांपर्यंत पोचते. नवं पुस्तक आलं, मूल्यमापनाची पद्धत बदलली, तर तिला पर्याय नाही. दृष्टी बदलायलाही ती उपयोगी आहे. ‘ही मुलं मुकी आहेत, मंद आहेत’ असं मनात घेऊन आलेला शिक्षक ‘त्यांना एक भाषा येते, ती मला येत नाही’ इथपर्यंत तीन दिवसांत पोचलेला मी पाहिलाय.

अडचण पुढे येते. पुण्यात तयार झालेला मजकूर जिल्ह्याच्या डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत), तिथून तालुक्याला, तिथून केंद्राला असा उतरत जातो आणि दर पायरीला उदाहरणं गळून पडतात. उरतात घोषवाक्यं. मी स्वतः साधनव्यक्ती, म्हणजे प्रशिक्षण देणारी, म्हणून अशा वर्गांपुढे उभी राहिलेय. एकदा दुपारभर ‘मुलाच्या भाषेचा स्वीकार’ यावर बोलले. शेवटी एका ज्येष्ठ गुरुजींनी विचारलं, “बाई, स्वीकार केला. सोमवारी पहिल्या तासाला काय करू?” त्या दिवशी माझ्याकडे नेमकं उत्तर नव्हतं, आणि ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

शिवाय एक शिक्षक पाच दिवस बाहेर गेला की दुसऱ्याच्या गळ्यात पाचही इयत्ता पडतात. ही किंमत प्रशिक्षणाच्या अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही.

ऑनलाइन कोर्स

‘निष्ठा’ हा केंद्र सरकारचा शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. पुढे निपुण भारत अभियान आल्यावर पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावर १२ कोर्सचा संच आला, त्यात एक कोर्स बहुभाषिक शिक्षणावर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरली आहे. त्यातले काही तास इथे भरतात. शाळा बंद ठेवावी लागत नाही, हा मोठा फायदा.

पण साऱ्या देशासाठी केलेल्या कोर्समध्ये कोरकूचं एक वाक्यही सापडणार नाही. रेंजसाठी टेकडीवर चढणारा शिक्षक व्हिडिओ थांबवून विचार करत नाही, तो प्रमाणपत्रापर्यंत पोचायचं बघतो. त्याला दोष देता येत नाही. पूर्वतयारी म्हणून हा कोर्स घ्या, तयारी म्हणून धरू नका. ज्या कोर्सात दर महिन्याला वर्गातलं काम करून पाठवावं लागतं आणि ते वाचून कुणीतरी उत्तर देतं, त्याची गोष्ट वेगळी. पण तो खरं तर पुढच्या वाटेचाच धाकटा भाऊ.

वर्गात येणारा सोबती

महिन्यातून दोनदा कुणीतरी जाणतं माणूस वर्गात येतं. आधी मागे बसून पाहतं, मग एक तास स्वतः घेऊन दाखवतं, शाळा सुटल्यावर अर्धा तास शिक्षकाशी बोलतं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येऊन विचारतं, “ते करून पाहिलंत का?” गुरुजींच्या सोमवारच्या प्रश्नाचं उत्तर मला याच पद्धतीत सापडलं.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, अनुताई वाघ त्यात होत्या. वारली मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच गुरांमागे कुरणात नेली. शिक्षक घडवण्याचं काम तिथे मुलांच्या सोबतीनं चाललं. आज पालघरच्याच वाडा तालुक्यात, सोनाळ्याला, ‘क्वेस्ट’ ही संस्था शिक्षकांसोबत वर्गात काम करते. वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर या दोन ठिकाणी पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचन-लेखनाचा दीर्घ अभ्यास झाला होता. अक्षरं, बाराखडी आणि फळ्यावरचं उतरवून काढणं यात वर्गाचा किती वेळ जातो आणि अर्थ समजून वाचणं, स्वतःचं लिहिणं किती मागे पडतं, हे त्यातून दिसलं. अशी सवय भाषणानं मोडत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून तोच तास वेगळा घेऊन दाखवावा लागतो.

खर्चाचा हिशोब सरळ मांडू. १२ शाळा, महिन्यातून दोन भेटी, म्हणजे २४ भेटी, एका दिवसाला एक. सुट्या वजा करता एका माणसाचा पूर्ण महिना गेला. म्हणजे एका केंद्राला एक पूर्णवेळ माणूस. केंद्रप्रमुखांनी हे करावं अशी अपेक्षा कागदावर असते. प्रत्यक्षात त्यांचा दिवस माहिती भरण्यात आणि बैठकांत जातो. विषय साधनव्यक्तींना हे जमू शकतं, पण त्यांना पूर्ण तालुका पाहायचा असतो. निधी एका माणसालाही पुरत नसेल तर १२ शाळांना दोन महिन्यांतून एक भेट देण्यापेक्षा पाच शाळा निवडा आणि भेटी नीट द्या. उरलेल्या शाळांवर अन्याय होतो असं वाटेल. पण पातळ केलेली सोबत कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

या वाटेचा एक कच्चा दुवा आहे. सोबतीलाही बहुतेक वेळा कोरकू येत नाही.

गावातला भाषा-सहायक

ते अंतर भरायला गावातला कुणी हवा. बारावी झालेली एखादी मुलगी, अंगणवाडीत काम केलेली ताई, गोष्टी सांगणारे आजोबासुद्धा. दुसऱ्या राज्यांनी हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात २००४ मध्ये आठ भाषांत बहुभाषिक शिक्षण सुरू झालं, त्यात गोंडी आणि कोलामी होत्या. ओडिशानं २००७ मध्ये दहा आदिवासी भाषांपासून सुरुवात केली आणि पुढे ती २१ पर्यंत नेली. दोन्हीकडे भर होता तो त्या भाषा बोलणारे शिक्षक आणि त्या भाषांतली पुस्तकं यांच्यावर. त्यातल्या आदिलाबादची (आता तेलंगणात) हद्द आपल्या यवतमाळ-चंद्रपूरला लागून आहे. तिकडची पुस्तकं तेलुगू लिपीत असल्यानं जशीच्या तशी चालणार नाहीत, पण गोष्टी, गाणी आणि शब्द देवनागरीत उतरवून घेता येतील.

भाषा-सहायकाची सर्वांत मोठी जमेची बाजू सहसा कुणी बोलत नाही: तो गावातच राहतो. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की शिक्षकाला बदलीचा हक्क मिळतो, आणि त्याच्यावर केलेला सगळा खर्च त्याच्यासोबत दुसऱ्या तालुक्यात जातो. तो दुसऱ्या मुलांच्या कामी येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथल्या पहिलीला पुन्हा नवा माणूस येतो, ज्याला ‘डा’ म्हणजे काय ते माहीत नसतं.

धोकेही खरे आहेत. भूमिका ठरवून दिली नाही तर सहायक पाणी भरायला, हजेरी मांडायला आणि रडणारी मुलं सांभाळायला उरतो. किंवा तो प्रत्येक वाक्याचा भाषांतरकार होतो. मग मुलं मराठी ऐकायचं सोडतात आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. शिक्षक आणि सहायक दोघांनी आठवड्यातून एक तास एकत्र बसून कुठला भाग कुठल्या भाषेत घ्यायचा हे ठरवलं, तरच जोडी चालते. गोष्ट आधी कोरकूत पूर्ण सांगायची, मग चित्रांवरून मराठीत बोलायचं, मग मुलांनी सांगितलेली दोन वाक्यं दोन्ही भाषांत देवनागरीत फळ्यावर. हा एक साधा क्रमसुद्धा ठरलेला असला की वर्ग सावरतो.

मानधनाची नियमित सोय नसते. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना मिळणारा अबंध निधी ग्रामसभेच्या हाती असतो. त्यात हे बसतं का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयाला आधी विचारून मग ग्रामसभेपुढे जा. लोकांना यात रस नसेल असं धरून चालू नका. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी शाळा सुरू केली होती.

मग कुणी काय घ्यावं

वारली, कोकणा, अहिराणी, मावची भाग असेल आणि शिक्षक त्याच जिल्ह्याचे असतील, तर तीन दिवसांची चांगली कार्यशाळा आणि वर्षभर सोबती पुरे. कार्यशाळेतला एक पूर्ण दिवस मुलांच्या उच्चारांचे आणि वाक्यांचे नमुने ऐकण्यात घालवा. ते शिक्षकांनीच आपापल्या वर्गातून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणायचे. धडगावची पावरी कुळानं जवळची असली तरी बाहेरून आलेल्या शिक्षकाला सहजी उमगत नाही. तिथे शिक्षक कुठला आहे ते पाहून ठरवा.

कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी भागात पैसा एकाच गोष्टीला पुरत असेल तर मी भाषा-सहायक घेईन, सोबती नंतर. बऱ्याच प्रशिक्षण आराखड्यांत हे उलट मांडलेलं दिसतं. शिक्षक कितीही चांगला तयार केला तरी पहिलीच्या पहिल्या सहा महिन्यांत मुलाचं बोलणं समजणारं कुणी वर्गात नसेल, तर त्या तयारीला धरायला काहीच मिळत नाही. दोन्हींना पुरत असेल तर सोबत्यानं शिक्षक आणि सहायक या जोडीला भेटावं, एकट्या शिक्षकाला नको.

आश्रमशाळेचं गणित थोडं निराळं. तिथे एकाच वर्गात दोन-तीन भाषांची मुलं असू शकतात आणि ती रात्रीही तिथेच असतात. एका भाषेचा सहायक पुरणार नाही. वरच्या वर्गातली त्या त्या भाषेची मुलं, संध्याकाळचा गोष्टींचा तास आणि स्वयंपाकघरातल्या मावश्या, यांना धरून बेत करा. सोबत्याची भेट दिवसाऐवजी मुक्कामी ठेवा.

वाट कुठलीही घेतली तरी जुलैत एकदा पहिलीच्या वर्गात मागे बसून घड्याळ लावा. तासाभरात मुलं, कुठल्याही भाषेत, आपणहून किती मिनिटं बोलली ते लिहून ठेवा. डिसेंबरमध्ये त्याच वर्गात, त्याच तासाला पुन्हा मोजा. मिनिटं वाढली नसतील तर पुढच्या वर्षीचा निधी त्याच वाटेवर घालू नका.