पैदाशीसाठी सिल्की निवडताना: पांढरी की काळी?

सिल्की या कोंबडीच्या जातीत पायाला पाच बोटे, काळी कातडी, अक्रोडासारखा तुरा आणि निळसर कानपाळ्या दोन्ही रंगांत सारख्याच काटेकोरपणे पाहाव्या लागतात. पाचवे बोट चौथ्यापासून सुटे होऊन वर वळलेले नसेल किंवा तुरा लालभडक असेल, तर तो पक्षी कितीही देखणा असला तरी जोडीत घेऊ नये. एवढी चाळणी लावल्यावर खरा प्रश्न उरतो तो रंगाचा.

पांढऱ्या सिल्कीची बाजू भक्कम आहे. तिचा पांढरेपणा बहुधा अप्रभावी गुण असल्याने पांढऱ्या जोडीची पिल्ले पांढरीच निघतात, आणि निवड करणाऱ्याला सगळे लक्ष शेंडीची भरदारी, पाठीची गोलाई व पिसांचा मऊपणा यांवर देता येते. शुभ्र पिसांतून दिसणारा काळा चेहरा तर पाहतच राहावा असा असतो.

माझा निर्णय मात्र आपल्या गोव्याच्या तांबड्या मातीने केला. सिल्कीच्या पिसांचे तंतू एकमेकांत गुंतत नाहीत, त्यामुळे पाणी वरून ओघळून न जाता आत मुरते आणि त्याबरोबर जांभ्याचा चिखलही. पांढऱ्या पक्ष्यात नको असलेली पिवळट झाक कधी उन्हाने येते, कधी वंशातून. त्यात मातीचा डाग मिसळला की कशाला दोष म्हणावे हेच ठरवता येत नाही. शिगम्याच्या सुमारास निघालेली पिल्ले पारखण्याजोगी होतात ती नेमकी पावसात, आणि त्या दिवसांत त्यांना धुवावे तर पायांची व पोटाखालची पिसे लवकर सुकत नाहीत, पक्षी गारठतो, आणि अंगणात सोडताच पुन्हा तोच रंग चढतो. जी निवड श्रावणात व्हायला हवी, ती माझ्याकडे दिवाळीपर्यंत लांबत असे.

काळी सिल्की निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. नराच्या मानेवर आणि खांद्यावर सोनेरी किंवा रुपेरी पिसे डोकावतात, तलंगेत, म्हणजे तरुण मादीत, हा दोष दडून राहू शकतो व तिच्या नर पिल्लांतच उघड होतो. म्हणून नर पूर्ण पिसांत येईपर्यंत विकू नयेत. उन्हाने काळी पिसेही तांबूस पडतात, परंतु ती टोकांशी आणि जुन्या पिसांत. पिसे गळून नवी आली की ती बोटांनी उलगडून पाहावीत. बुडापाशीही परका रंग दिसला, तर दोष रक्तातला समजावा. ही पारख चिखलातही करता येते, आणि माझ्या दृष्टीने ते फार मोलाचे आहे.

काळ्या जोडीतून क्वचित पांढरे पिल्लू निघाले, तर दोन्ही पालकांत तो गुण दडलेला आहे एवढे नक्की होते. पांढरा नर काळ्या मादीला लावल्यास पहिल्या पिढीत बहुधा रंगीत पिल्ले मिळतात, पण पुढे पांढरेपणा लपून चालत राहतो. दोन्ही रंग ठेवायचे असतील तर खुराडी वेगळी असावीत.

पेडण्याच्या किनाऱ्यालगत वाळूवर राहणाऱ्याने किंवा फरशी घातलेल्या, वरून झाकलेल्या जागेत पक्षी ठेवणाऱ्याने पांढरी जरूर घ्यावी. तिथे माझी तक्रार फारशी लागू पडत नाही. फोंडा, सत्तरी, सांगे या बाजूला मोकळ्या अंगणात पैदास करायची असेल, तर काळ्या रंगाची एक चांगली जोडी आणि तिचे मोठे झालेले नर पाहायला मिळतील असा विक्रेता आधी शोधावा, असे मला वाटते.