आमच्या टँपातला हरिकेनचा पंचांगकर्ता

अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टँपाला आल्यापासून जून ते नोव्हेंबर, म्हणजे वादळांच्या हंगामात, माझी सकाळ चहा आणि नॅशनल हरिकेन सेंटर या चक्रीवादळांचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर सुरू होते. फुकट, जाहिराती नाहीत. नकाशावर पिवळी खूण म्हणजे चक्रीवादळ जन्मण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आत, केशरी ४० ते ६०, लाल त्यावर. वारा ताशी ३९ मैल झाला की वादळाचं बारसं, ७४ ला ते हरिकेन.

पण खरा माल नकाशात नाही, ‘डिस्कशन’ नावाच्या मजकुरात आहे. तिथे अंदाज बांधणारा माणूस आपल्याला खात्री किती नि का, ते मोकळेपणाने लिहितो. ५ ऑक्टोबर २०२४ ला एका वादळाला मिल्टन हे नाव मिळालं, ७ तारखेला ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत! त्या दोन दिवसांत मी पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच, रात्री अकरा अशा नव्या अंदाजाच्या वेळांना बांधलेला होतो. शेवटी ते आमच्या दक्षिणेला, सिएस्टा की बेटाजवळ धडकलं.

पहिल्या वर्षी मी नकाशावर वादळापुढे काढलेला पांढरा शंकू म्हणजेच वादळ समजलो होतो. तो फक्त वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग. तोही केंद्र साधारण तीनांतल्या दोन वेळा आत राहील एवढाच रुंद. शंकूबाहेरही पाणी घरात शिरतं.

एक पैसेवालं ॲपही घेतलं होतं. त्याने दहा दिवस आधीच आमचं गाव बुडवलं. काढून टाकलं.

श्रीवर्धनची आई, निसर्ग वादळात छप्पर गमावलेली, आता फोनवर ‘कसा आहेस’च्या आधी विचारते, “केशरी की लाल रे?”