गोल्फचा स्विंग सुधारायचा : पुण्याचा कोच की गच्चीवरची जाळी?

परवा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला माझा एक दोस्त घरी आला. दोन वर्षं झाली गोल्फ खेळतोय, तेही गिऱ्हाइकांच्या आग्रहाखातर सुरू केलेलं. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब (गोल्फची काठी), मारला की बॉल केळ्यासारखा उजवीकडे वळतो. यालाच स्लाइस म्हणतात. पुण्यात एका कोचकडे दहा लेसनचं पॅकेज मिळतंय, ते घ्यावं की मोबाईलवर बघून आपलं आपणच नीट करावं, हा त्याचा प्रश्न. तांबडा-पांढरा संपेपर्यंत मी त्याला जे सांगितलं, तेच इथं जरा नीट मांडतो. असाच पेच पडलेले आणखी काहीजण आपल्याकडे असणार.

माझं आधी सांगतो. गोकुळ शिरगावला छोटं मशीन शॉप आहे. सहा वर्षं खेळतोय, दोन्ही वाटांनी गेलोय आणि दोन्हीकडे पैसे घालवलेत. डोक्यात अजून क्रिकेट आहे. म्हणजे उजवा हात जरा जास्तच बोलतो.

निर्णय घेण्याआधी बॉल का वळतो, हे समजून घ्या. कारण ते कळलं की कोच कशाला लागतो आणि कशाला नाही, हे निम्मं आपोआप सुटतं. क्लब आणि बॉल एकमेकांना साधारण अर्धा मिलिसेकंद चिकटतात. तेवढ्यात दोनच गोष्टी ठरतात. क्लबचं तोंड कुठं बघतंय आणि क्लब कुठल्या वाटेनं येतोय. बॉल सुटतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेनं. पुढं हवेत वळतो तो तोंड आणि वाट यांच्यातल्या फरकामुळं. पूर्वी शिकवताना हे बरोबर उलटं सांगितलं जायचं, रडारनं मोजायला लागल्यावर ते सुधारलं. उजव्या हाताच्या खेळाडूचा स्लाइस म्हणजे वाटेच्या मानानं तोंड उघडं, म्हणजे उजवीकडे बघत राहिलंय, आणि बहुतेक वेळा वाटही बाहेरून आत, म्हणजे अंगापासून लांबून जवळ कापत येतेय.

आता गंमत बघा. बॉल उजवीकडे जातो म्हणून माणूस डावीकडे तोंड करून उभा राहतो. खांदे डावीकडे वळले की वाट आणखी डावीकडे कापते, फरक वाढतो, स्लाइस वाढतो. मग तो अजून डावीकडे उभा राहतो. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली.

लेसन घेतल्यानं नेमकं काय मिळतं

कोच काहीतरी गुपित सांगेल, हा गैरसमज आधी काढून टाका. गुपितं सगळी मोबाईलवर फुकट आहेत. कोच देतो ती नजर. गोल्फमध्ये आपल्याला जे जाणवतं आणि आपण जे करतो, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मला कोचनं सांगितलं, निम्माच स्विंग घ्या. मी घेतला. मला वाटलं हात कमरेच्या वर गेलेच नाहीत. व्हिडिओ दाखवला तर क्लब खांद्याच्याही वर पोचला होता. तेव्हा कोच म्हणाला, "साहेब, तुम्हाला पाव स्विंग वाटेल तेव्हा तो निम्मा होईल." हे वाक्य मला कुठल्याही रीलनं सांगितलं नसतं, कारण ते माझ्यापुरतं होतं. तालमीत वस्ताद कडेला बसून शंभर पोरं बघतो आणि एखाद्यालाच म्हणतो, "पाय मागं घे." बाकीच्यांनी ते ऐकून पाय मागं घेतला तर ते पडतील.

दुसरं म्हणजे मोजमाप. पुण्यात काही ठिकाणी लेसनला ट्रॅकमॅनसारखं रडारचं यंत्र लावतात. क्लबचा वेग, वाट, तोंडाचा कोन, सगळे आकडे समोर येतात. मशीन शॉपवाल्याला हे बघून बरं वाटतं. पण आकडा दाखवणं आणि तो सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र आहे एवढ्यावरून कोच निवडू नका.

खर्चाचं काय? लेसनची फी ही त्यातली लहान रक्कम असते. पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे चार टोल जाताना, तेच चार येताना. महामार्गावर काम चाललेलं असलं तर अख्खा दिवस गेला. येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स असो की लवळ्याकडचा ऑक्सफर्ड, तासाभराच्या शिकवणीसाठी पहाटे निघायचं आणि रात्री जेवायला घरी. म्हणून आठवड्याला एक लेसन हे पुणेकरांसाठी ठीक आहे. कोल्हापूरकरानं दहाचं पॅकेज घेतलं तर चौथ्यानंतर कारखान्यात नेमकं त्याच दिवशी काम निघतं. माझं निघालं.

आणि सगळेच लेसन चांगले नसतात. एका ठिकाणी (नाव घेत नाही) एका तासात माझी ग्रिप बदलली, कोपर बदललं, गुडघा, मान, वजन कुठं ठेवायचं, सगळं बदललं. परत येताना कराडपर्यंत पाच गोष्टी पाठ होत्या, किणी टोलला दोन उरल्या, घरी येईस्तोवर कंबर तेवढी लक्षात राहिली, तीही दुखत होती म्हणून. आमच्याकडे सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) माप चुकलं तर ऑपरेटर एका वेळी एकच ऑफसेट (मापाची दुरुस्ती) बदलतो. तीन बदलले आणि पीस बरोबर आला तरी कशामुळं आला ते कळत नाही, आणि उद्या परत चुकला तर कुठं हात घालायचा तेही कळत नाही. म्हणून पहिल्या भेटीतच कोचला विचारा, "पुढच्या महिन्यात मी घरी एकच गोष्ट करायची असेल तर कुठली?" ज्याला याचं एका वाक्यात उत्तर देता येतं, त्याच्याकडे जा.

स्वतःच करायचे छोटे बदल

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण कोल्हापुरात राहून बहुतेकांना हेच करावं लागतं आणि यातच सगळ्यात जास्त घोळ होतो.

माझा नियम साधा आहे, शॉपमधूनच आणलेला. ज्या मापाला गेज (माप तपासायचं साधन) आहे ते काम ऑपरेटरकडे, ज्याला नाही ते इन्स्पेक्टरकडे. स्विंगमधल्या ज्या बदलाची तपासणी एखादी वस्तू करू शकते, तो स्वतः करा. ज्याची तपासणी फक्त तुमच्या जाणिवेवर अवलंबून आहे, त्यासाठी कोचला पैसे द्या.

गेज असलेली पहिली गोष्ट म्हणजे ग्रिप. क्लब डाव्या हाताच्या बोटांत धरा, तळव्यात नाही. खाली बघितल्यावर डाव्या हाताची दोन ते अडीच बोटांची पेरं, म्हणजे मुठीचे उंचवटे, दिसले पाहिजेत. अंगठा आणि तर्जनीमधली खाच उजव्या खांद्याकडे बघायला हवी. एकच उंचवटा दिसत असेल तर तोंड उघडं राहण्याचं कारण बहुधा तिथंच आहे. उजवी करंगळी डाव्या बोटांवर ठेवायची की गुंतवायची, यावर रात्र घालवू नका. जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स गुंतवतात, बाकीचे अनेक मोठे खेळाडू वर ठेवतात, दोन्ही चालतं. मात्र ग्रिप बदलल्यावर पहिले दोन-तीन आठवडे हातात दुसऱ्याचा क्लब आल्यासारखं वाटतं आणि बॉल डावीकडे जाऊ लागतो. ही चांगली खूण आहे. बहुतेक जण इथंच घाबरून जुन्या ग्रिपवर येतात.

दुसरी गोष्ट उभं राहणं आणि बॉलची जागा. घरातले दोन सरळ पाइप किंवा काठ्या घ्या. एक बॉलच्या पलीकडे, लक्ष्याच्या दिशेत. दुसरी पायाच्या बोटांपुढं, तिला समांतर. डावीकडे किती वळून उभे होता, हे बघून लाज वाटेल. ड्रायव्हरला बॉल डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत, सात नंबरच्या आयर्नला (लोखंडी पात्याच्या क्लबला) साधारण मध्यावर, फार तर बॉलभर डावीकडे. टी (बॉल ठेवायची खुंटी) इतकी उंच की निम्मा बॉल ड्रायव्हरच्या माथ्यावर दिसेल. नुसतं एवढं केल्यानं माझे दोन क्लब सुधारले. याला कोच लागत नाही, काठ्या लागतात.

तिसरी गोष्ट आयर्ननं आधी बॉल, मग जमीन. यासाठी आपल्याकडे जगातलं सगळ्यात स्वस्त साधन आहे, रांगोळी. मोकळ्या माळावर रांगोळीची सरळ रेघ काढा, दोन्ही पायांच्या मध्ये येईल अशी उभे राहा आणि बॉल न ठेवता स्विंग करा. क्लबचा ओरखडा रेघेवर किंवा रेघेच्या पुढं, लक्ष्याच्या बाजूला उमटला पाहिजे. मागं उमटला तर तुम्ही बॉलच्या आधी जमीन खणताय. रेंजवरच्या (सरावाच्या मैदानावरच्या) चटईवर हे कधी कळत नाही, कारण क्लब चटईवरून घसरत पुढं जातो आणि चूक झाकली जाते. म्हणून फक्त चटईवर सराव करणारा माणूस गवतावर आला की गडबडतो. (माळावर बॉल मारणार असाल तर म्हशी कुठं आहेत ते आधी बघा. आमच्याकडे एकदा वादाची वेळ आली होती.)

गच्चीवर जाळी बांधली असेल तर बॉल कुठं गेला हे कळत नाही, तेव्हा बॉलच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्डच्या मार्करचा ठिपका द्या. मारल्यावर तो क्लबच्या तोंडावर उमटतो. टाचेकडे की टोकाकडे लागला, लगेच दिसतं. जाळीमागं भिंत आणि शेजाऱ्याची खिडकी यातलं काय आहे हेही तपासा. ४६ ग्रॅमच्या आत वजन असलेला हा बॉल काच सहज फोडतो.

वाट बाहेरून आत येते, हे मात्र अवघड प्रकरण. खाली येताना कंबरेआधी खांदा फिरला की क्लब बाहेर फेकला जातो. हे का होतं ते शब्दांत सांगता येतं, अंगात भिनत नाही. एक गेज आहे. बॉलच्या पलीकडे, थोडासा मागं, मिठाईचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका ठेवा. खोक्याला क्लब लागला की वाट चुकली. खोका न लागता दहातले सात बॉल मारता आले तर स्वतः पुढं चालू ठेवा. पंधरा दिवसांत खोका फाटला आणि तुम्ही आहात तिथंच असाल तर पुण्याचा रस्ता धरा. मनगटं, कंबर पुढं ढकलली जाणं, वजनाचा तोल या गोष्टींना मला तरी घरगुती गेज सापडलेलं नाही.

मोबाईलचा व्हिडिओ जरूर काढा, पण नीट ठेवून. एक कोन मागून, लक्ष्याच्या रेषेत, कॅमेरा हातांच्या उंचीवर. दुसरा समोरून, छातीच्या उंचीवर. कॅमेरा हातभर इकडं-तिकडं झाला तरी वाट वेगळीच दिसते आणि नसलेला आजार बरा करत बसता.

बॉलशिवायचा सराव कमी लेखू नका. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे ज्या खेळातले, त्या नेमबाजीत गोळीविना ट्रिगर दाबण्याचा सराव नेहमीचाच असतो. बॉल समोर नसला की मारायची घाई नसते, शरीर ऐकतं. स्विंगची लयही तेव्हाच सापडते. चांगल्या खेळाडूंचा मागं जायला लागणारा वेळ खाली येण्याच्या साधारण तिप्पट असतो, आपण उलट मागंच हिसका देतो.

ऑनलाइन लेसनबद्दल थोडक्यात. व्हिडिओ पाठवायचा, दोन दिवसांनी कोचचं उत्तर येतं. प्रत्यक्ष भेटलेल्या कोचकडूनच घेतलं तर उपयोगी, कारण त्याला तुमचं अंग माहीत असतं. अनोळखी माणसाकडून घेतलं तर ती महागडी रीलच.

मग कोणी काय करावं

अगदी नवीन असाल, क्लब हातात घेऊन सहा महिनेही झाले नसतील, तर दोन किंवा तीन लेसन आधी घ्याच. त्यात फक्त ग्रिप, उभं राहणं आणि निम्मा स्विंग. दहाचं पॅकेज नको. चुकीची सवय मुरल्यावर काढायला जो वेळ जातो, तो या तीन फेऱ्यांच्या डिझेलपेक्षा महाग.

माझ्या दोस्तासारखे दोन-तीन वर्षं खेळणारे आणि एकच ठरलेली चूक असलेले असाल, तर आधी दोन महिने काठ्या, रांगोळी, खोका. एका वेळी एकच. फरक पडला नाही तर एक लेसन, त्यातून एकच काम घेऊन परत, आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा दाखवायला. पाठ किंवा गुडघा कुरकुरत असेल तर थेट कोचकडे जा आणि त्याला ते पहिल्या वाक्यात सांगा. विशीतल्या खेळाडूचं वळण पन्नाशीतल्या कंबरेवर बसवायचा प्रयत्न घरच्या घरी करू नये.

आणि ज्याला फक्त स्कोअर कमी करायचाय, त्यानं थोडा वेळ स्विंग बाजूलाच ठेवावा. पार ७२ च्या, म्हणजे अठरा भोकांना मिळून ७२ फटके धरलेल्या कोर्समध्ये प्रत्येक ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) दोन पट, म्हणजे पटर या क्लबचे हलके फटके धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके पटरचेच. भोक १०८ मिलिमीटरचं. हॉलमध्ये सतरंजी पसरा, टोकाला तांब्या आडवा ठेवा आणि रोज वीस पट मारा. तांब्याचं तोंड भोकापेक्षा लहान असतं, त्यामुळं कोर्सवर भोक विहिरीएवढं वाटतं.

दोस्तानं ऐकून घेतलं, पॅकेज घेतलं नाही. काल फोन आला होता, खोका कुठल्या मिठाईचा चालेल म्हणून.