भोसरीतली मेटल टेस्टिंग लॅब: स्टीलमधलं सल्फर बघायचंय तर इथेच जा

आमचं लोणची-सॉसवाल्यांना फिलिंग नोझल बनवून द्यायचं काम आहे, म्हणजे मीठ आणि व्हिनेगर दोन्ही आलं, आणि एका लॉटच्या नोझलवर थोड्याच महिन्यांत टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे पडले. माल ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील म्हणून घेतलेला. ट्रेडरने (नाव नाही घेत) एक्स-रे गन (धातूवर धरली की घटक दाखवणारं हातातलं यंत्र) लावून क्रोमियम-निकेल दाखवलं, सगळं बरोबर, वर म्हणे तुमच्या कस्टमरचं पाणीच खराब आहे. मग भोसरी एमआयडीसीतल्या या लॅबमध्ये एक नोझल आणि त्याच रॉडचा उरलेला तुकडा नेऊन दिला.

स्पार्क टेस्टला (तुकड्यावर ठिणगी पाडून तिच्या प्रकाशावरून घटक मोजतात) सल्फर निघालं ०.२८ टक्के! ३०४ ला जास्तीत जास्त ०.०३ चालतं. म्हणजे रॉड ३०३ ग्रेडचा, त्यात लेथवर चीप (कापताना निघणारा कीस) पटापट तुटावी म्हणून सल्फर मुद्दाम घालतात, कमीत कमी ०.१५. क्रोमियम-निकेल दोघांत जवळपास सारखंच, त्यामुळे साध्या सेटिंगवर गनला पत्ता लागत नाही आणि चुंबकाने तर नाहीच नाही.

पैसे खरे वसूल झाले ते मायक्रोस्कोपवर. तिथल्या मॅडमनी तुकडा पॉलिश करून दाखवला, रॉडच्या लांबीला धरून नुसत्या राखाडी रेघा, मँगनीज सल्फाईडच्या. रॉड आडवा कापला की या रेघांची टोकं उघडी पडतात, म्हणूनच आमचे खड्डे नोझलच्या तोंडाला जास्त आणि बाजूला कमी होते. मिठातलं क्लोराईड नेमकं तिथे हल्ला करतं, सल्फाईड विरघळतं आणि त्यातून सुटलेली सल्फरची संयुगं स्टीलला गंजापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साईडचा थर परत धरूच देत नाहीत, मग खड्ड्याच्या आत ॲसिड वाढत जातं आणि तो खोल खोल जातो.

मी विचारलं मग बोअरच्या पाण्यातलं सल्फेट पण वाईट का, तर म्हणाल्या, "नाही हो दादा, सल्फेट उलट पिटिंगला, म्हणजे असे खड्डे पडण्याला, अडवतं. थायोसल्फेट मात्र क्लोराईडबरोबर आलं की त्रास देतं, फोटोवाल्यांच्या फिल्म धुवायच्या हायपोत असतं ना ते." एवढं बसून कोण सांगतं हो, बाकी ठिकाणी रिपोर्ट हातात देतात आणि पुढच्याला बोलावतात.

५ पैकी ४.५. अर्धा कापला कारण दुपारी फोन उचलत नाहीत आणि मायक्रोस्कोपचे फोटो मागितल्याशिवाय रिपोर्टला लावत नाहीत, ते आधीच सांगून ठेवा. तुकडा सपाट आणि जरा मोठा न्या, बारीक जॉबवर स्पार्क नीट बसत नाही. आणि रिपोर्ट आला की ग्रेडचं नाव बघून थांबू नका, सल्फरची ओळ वाचा.

आता आम्ही ३१६एल ग्रेड घेतोय, त्यात मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के असतं, ते खड्ड्यांना अडवतं. रॉड आला की तुकडा आधी लॅबला, मग लेथवर. टर्नर कुरकुरतोय की चीप लांबलचक निघून टूलला गुंडाळते, त्याला स्पीड-फीड बदलून दिलाय पण नोझलचं मटेरियल बदलणार नाही.