‘पेटंटेड’ ब्लॉक मशीनमध्ये माझे १८,४७,४०० रुपये गेले. टोकन देण्याआधी हे वाचा

‘भट्टी नको, वाफ नको, सिमेंट नको, फक्त राख आणि आमची पेटंट पावडर’ असे सांगत कुणी भिंतीचे हलके ब्लॉक बनवायचे मशीन विकायला तुमच्या शेडवर येत असेल, तर त्याला चहा पाजण्याआधी हे वाचून घ्या. कंपनीचे नाव इथे लिहीत नाही. प्रकरण कोर्टात आहे तोवर नाव छापू नका, असे वकिलांनी बजावले आहे. पद्धत लिहायला मात्र कुणी अडवलेले नाही.

आधी हिशेब. बुकिंगचे टोकन ५१,००० रुपये, ते पुढे लायसन्स फीत वळते केले. ‘टेक्नॉलॉजी लायसन्स’ ३,५०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४,१३,०००. मशीन ९,८०,००० अधिक जीएसटी १,७६,४००, म्हणजे ११,५६,४००. पावडरचा पहिला लॉट २,४०,०००. त्याचे पक्के बिल आजपर्यंत मिळालेले नाही. वाहतूक आणि उभारणी ३८,०००. एकूण १८,४७,४००. त्यातले १०,००,००० बँकेचे, ४,००,००० मेव्हण्यांचे आणि उरलेले ४,४७,४०० घरचे. शेड, वीजजोडणी आणि मजुरी यात धरलेलीच नाही.

‘एवढे कसे फसलात?’ असे विचारणाऱ्यांना आधीच उत्तर देतो. मी या धंद्यात नवखा नाही. आमचा विटा-वाळूचा व्यवसाय वडिलांपासूनचा आहे आणि भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राच्या राखेवर चालणारे वीट कारखाने मी लहानपणापासून पाहतो आहे. राख, चुना आणि जिप्सम यांची वीट भट्टीशिवाय होते. तिच्यासाठी आयएस १२८९४ हे भारतीय मानकसुद्धा आहे. तेव्हा ‘भट्टी नको’ हे ऐकून मला शंका यायचे काही कारणच नव्हते. कोळशाच्या वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांनी राखेचा माल वापरावा असा केंद्राचा नियम आहे, हेही मला माहीत होते. मशीन विकायला आलेल्या माणसाने हेच दोन धागे पकडले.

बोलणारा माणूस अडाणी नव्हता. स्वीडनच्या योहान आक्सेल एरिक्सनने १९२४ मध्ये एअरेटेड काँक्रीटचे, म्हणजे आत बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचे, पेटंट घेतले, १९२९ पासून कारखान्यात ब्लॉक निघू लागले, हे त्याला तोंडपाठ होते. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने १८२४ मध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले, हेही त्याने सांगितले. हे सगळे खरे आहे. मग म्हणाला, “भाऊ, एरिक्सननंतर शंभर वर्षांनी ऑटोक्लेव्ह काढून टाकणारे आपणच.” बांधकामातले काही मोठे शोध साध्या माणसांच्या हातून लागले आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल आजही आदर आहे. त्या आदराचाच त्याने वापर केला. याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाच्या वाफेत ब्लॉक पकवणारी बंद टाकी. ती काढून टाकणे म्हणजे काय, ते समजून घ्या. एएसी, म्हणजे ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या एअरेटेड काँक्रीटच्या ब्लॉकमध्ये राख, चुना, सिमेंट, थोडे जिप्सम आणि चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमची पावडर असते. चुन्याच्या क्षारामुळे अ‍ॅल्युमिनियमची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि मिश्रण फुगते. पण नुसते फुगल्याने बळ येत नाही. साधारण १८० ते १९० अंश तापमानाची आणि दहा-बारा बारची वाफ काही तास मिळाली, की चुना आणि राखेतली सिलिका यांचे पक्के स्फटिक बनतात. बळ त्यांच्यामुळे येते, आणि सुकताना ब्लॉक कमी आक्रसतो तोही त्यांच्यामुळेच. असा प्लांट कोट्यवधींचा असतो. आमच्यासारख्यांना तो परवडत नाही, आणि म्हणूनच ‘वाफेशिवाय तेच बळ’ हे वाक्य आमच्याच दारात येऊन विकले जाते.

आता तो क्षण. यावर मी आजही रात्री उठून बसतो.

त्यांच्या शेडमध्ये डेमो होता. मिक्सरमध्ये राख, पावडर आणि फेस एकत्र केला, साच्यात ओतला आणि अर्ध्या तासात साचा उघडून दाखवला. मग बाजूच्या पॅलेटवरचा एक ब्लॉक माझ्या हातात दिला. “हा २८ दिवसांचा.” हलका, कडक, कोपरे धारदार. पाण्याच्या टाकीत टाकला तर तरंगला. माझ्यासोबत आमचे जुने गवंडी होते, चाचा म्हणतो आम्ही त्यांना. त्यांनी ब्लॉक हातात घेतला, त्याच्या मोठ्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “भाऊ, याच्यावर रेघा आहेत. ही तारेनं कापलेली वीट आहे.”

बारीक, समांतर, किंचित लहरी रेघा. मलाही त्या दिसत होत्या. एएसीच्या कारखान्यात फुगलेल्या मिश्रणाचा मोठा ठोकळा ताणलेल्या तारांनी कापतात, त्याच्याच या खुणा. साच्यात ओतलेल्या ब्लॉकवर असल्या रेघा येऊच शकत नाहीत, कारण तिथे कापायचे कामच नसते. पॅलेटवरचा तो ब्लॉक त्यांच्या मशीनचा नव्हताच. दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्याचा एएसी ब्लॉक बाजारातून आणून ठेवला होता. माणूस हसून म्हणाला, “डायच्या प्लेटचं फिनिशिंग आहे ते.” चाचांनी माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले, आणि तेवढ्यात मेव्हण्यांनी किमतीचे विचारले. विषय तिथेच सुटला. चाचांनी तेव्हाच ओळखले होते. चाळीस वर्षांचा हात होता तो. मात्र त्यांच्या म्हणण्यापेक्षा समोरच्या भिंतीवरच्या फ्रेममधल्या कागदाला जास्त वजन मिळाले, आणि त्या कागदाला वजन मिळावे म्हणूनच ती फ्रेम तिथे टांगली होती.

तरंगण्याबद्दल एक सांगून ठेवतो. ब्लॉक तरंगतो याचा अर्थ तो पाण्यापेक्षा हलका आहे, एवढाच. ताकद किती, याच्याशी त्याचा संबंध नाही. पाण्याची टाकी दाखवणाऱ्या माणसाला ब्लॉक दाबून ताकद मोजणारे कॉम्प्रेशन मशीन दाखवायला सांगा.

फ्रेमचे नंतर कळले. तिच्यावर अशोकस्तंभ होता, सही-शिक्का होता आणि वर कंपनीने स्वतः लावलेली ‘भारत सरकार पेटंटप्राप्त’ अशी पट्टी होती. आतला कागद होता डिझाइन नोंदणीचा, वर्ग २५. या वर्गात बांधकामाचे घटक येतात आणि डिझाइनची नोंदणी फक्त दिसण्याची असते, म्हणजे आकाराची, खाचांची, नक्षीची. आत काय भरले आहे याच्याशी तिला देणेघेणे नाही. पत्रकावर ‘पेटंट क्रमांक’ म्हणून जो आकडा छापला होता तो बारा अंकी होता. बारा अंकी आकडा हा अर्जाचा असतो, त्यातले पहिले चार अंक म्हणजे वर्ष. मंजूर झालेल्या पेटंटचा क्रमांक सध्या सहा अंकी असतो. अर्ज कुणीही करू शकतो. तात्पुरत्या तपशिलासह अर्ज केला आणि १२ महिन्यांत पूर्ण तपशील दिला नाही, तर तो सोडून दिला असे धरले जाते. यांचे तेच झाले होते.

आणि समजा पेटंट खरे असते, तरी काय? पेटंट देताना कल्पना नवी आहे का, तज्ज्ञाला सहज सुचणारी नाही ना आणि उद्योगात वापरता येईल का, हे बघतात. भिंत टिकेल का, हे कुणी बघत नाही. ज्या नव्या मालासाठी भारतीय मानकच नाही, त्याच्यासाठी बीएमटीपीसी या केंद्राच्या संस्थेची परफॉर्मन्स अप्रेझल सर्टिफिकेट देणारी योजना आहे. ते मागा. “प्रोसेसमध्ये आहे” असे उत्तर आले तर उठून या.

त्यांनी ब्लॉकच्या ताकदीचा लॅबचा रिपोर्टही दाखवला होता: ४.२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. आयएस २१८५ च्या तिसऱ्या भागात ५५१ ते ६५० किलो प्रति घनमीटर घनतेच्या पहिल्या दर्जाच्या एएसी ब्लॉकला किमान ४ लागतात, म्हणजे आकडा अगदी बरोबर बसवला होता. खाली बारीक अक्षरात लिहिले होते, ‘नमुना पार्टीने आणून दिलेला’. लॅब खोटे बोलली नाही. तिच्याकडे जो ब्लॉक आला तो तिने दाबून पाहिला. तो कुणाचा होता, हे आता तुम्हाला सांगायला नको.

आमच्या मशीनवर आम्ही काढलेला ब्लॉक मी स्वतः तपासून घेतला: ०.९. पावडरही तपासली, तिच्यात मुख्यतः जिप्सम प्लास्टर आणि चुना निघाला. डेमोत साचा अर्ध्या तासात का उघडला, याचे उत्तर यातच आहे. प्लास्टर मिनिटांत घट्ट होते आणि ओल लागली की मऊ पडते. पहिल्या पावसात आमच्या थप्पीच्या खालच्या ओळी बोटाने टोकरता येत होत्या. ओळखीच्या एका ठेकेदाराने विश्वासाने कंपाउंड वॉलला ब्लॉक वापरले होते. त्याच्या प्लास्टरला सांध्यासांध्यावर भेगा गेल्या आणि ती भिंत पुन्हा बांधून देण्याचे ६२,००० मी भरले. हे १८,४७,४०० मध्ये नाहीत.

बायबॅकचे काय, असे विचाराल. करारात लिहिले होते की ८० टक्के माल कंपनी उचलेल, ‘कंपनीच्या मानकांनुसार असल्यास’. मानके कुठेही जोडलेली नव्हती. पहिला लॉट ‘क्युरिंग नीट नाही’ म्हणून नाकारला, दुसरा ‘राखेचा दर्जा नाही’ म्हणून, त्यानंतर फोन उचलणेच बंद. बायबॅकचे आमिष जिथे असेल तिथे एकच विचारा: गेल्या वर्षी कुणाकुणाचा माल उचलला, त्यांची बिले दाखवा.

आता सरकारी दारांबद्दल. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “मशीन मिळालं का?” मिळाले. “बिल मिळालं का?” मिळाले. “चालतं का?” चालते, पण ब्लॉक टिकत नाही. “मग हा दिवाणी मामला आहे, वकील करा.” मी रेघांचे सांगितले, रिपोर्ट दाखवला, फ्रेमचा फोटो दाखवला. खोटा नमुना दाखवून पैसे घेणे ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ कशासाठी आहे? साहेबांनी रिपोर्ट उलटा धरून पाहिला आणि विचारले, “न्यूटन म्हणजे काय?” मी समजावून सांगितले. अर्ज ‘चौकशीवर’ ठेवला, आणि तो तिथेच आहे. आर्थिक गुन्ह्यांच्या शाखेत सांगितले, रक्कम आमच्या मर्यादेपेक्षा कमी आहे, ठाण्यातच जा. सायबरवाल्यांनी सांगितले, व्यवहार समोरासमोर झालेला आहे, आमचे काम नाही. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर सांगितले, धंद्यासाठी घेतलेले मशीन म्हणजे व्यापारी हेतू, तुम्ही ग्राहक नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतले असेल तर २०१९ च्या कायद्यात सूट आहे, हे मला वकिलांनी सांगितले. खिडकीवरचा माणूस ते सांगायला बांधील नव्हता बहुतेक. उद्योगांना मदत करणाऱ्या कार्यालयात म्हणाले, आम्ही फक्त कोटेशन बघतो, तंत्रज्ञान तपासत नाही. बँकही तेच म्हणाली. मग कर्जाच्या फाईलवर तुमच्या तांत्रिक अधिकाऱ्याची सही कशाची आहे?

आणि सगळ्यात वर जीएसटीची नोटीस. कंपनीने माझ्याकडून २,३९,४०० कर घेतला आणि सरकारकडे भरलाच नाही. तिची नोंदणी रद्द झाली. म्हणून त्या कराची मी माझ्या करातून घेतलेली वजावट, म्हणजे क्रेडिट, अमान्य. ती रक्कम व्याजासह मी भरायची. चोर पळून गेला आणि ज्याचे घर फुटले त्याच्याकडे कुलपाचे पैसे मागायला आले. माझ्या पत्राला छापील उत्तर आले, त्यात माझ्या एकाही मुद्द्याचा उल्लेख नव्हता. कंपनीची नोंदणी होती की नाही, चालू होती की नाही, हे तपासायची जबाबदारी माझी. तिला नोंदणी देणाऱ्यांची काहीच नाही?

पैसे देण्याआधी जीएसटी क्रमांक टाकून रिटर्न भरली जातात का, ते पोर्टलवर फुकट दिसते. मी नाव आणि पत्ता जुळवला, रिटर्न पाहिली नाहीत, तुम्ही पाहा. पेटंट नसताना माल ‘पेटंटेड’ म्हणून विकणे हे पेटंट कायद्याच्या कलम १२० मध्ये बसते, आणि २०२३ च्या जनविश्वास कायद्यानंतर त्याचा दंड १०,००,००० पर्यंत आहे. पत्रक, फ्रेमचा फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘पेटंट’ शब्द असलेले मेसेज जपा. पोलीस घेत नसतील तर अर्ज पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच ठेवा, मग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे जा. पूर्वी याला १५६(३) म्हणत. मी सध्या तिथे आहे.

डेमोला जाताना स्वतःची राख घेऊन जा. तुमच्यासमोर ओतलेल्या ब्लॉकवर ओल्यातच सही कोरा, २८ दिवसांनी तोच ब्लॉक स्वतः उचलून स्वतःच्या लॅबमध्ये न्या. “२८ दिवस थांबायची गरज नाही, ऑफर महिनाअखेरपर्यंत आहे” असे कुणी म्हणाले, तर व्यवहार तिथेच तोडा. पावडरचा घटक काय हे ‘ट्रेड सीक्रेट’ असेल तर असू द्या, पण मग दुसरा पुरवठादार नाही हे लक्षात घ्या. पावडर बंद झाली की मशीन म्हणजे नुसता मिक्सर. माझ्याकडे तोच उभा आहे, भंगारवाला ९५,००० म्हणतो.

तीच माणसे आता दुसऱ्या नावाने फिरत आहेत. पत्रकावरचा प्लांटचा फोटो तोच आहे, नाव फक्त खोडून नवे लावले आहे. ज्यांनी हे मशीन घेतले आहे त्यांनी लाजेखातर गप्प बसू नका. चार-पाच जणांच्या रकमा एका तक्रारीत आल्या तर ‘मर्यादेपेक्षा कमी’ हे उत्तर देता येणार नाही. करार, चेकच्या झेरॉक्स, रेघांचा ब्लॉक असेल तर तो, आणि पावडरची रिकामी पोती सांभाळून ठेवा. पोत्यांवर आतल्या बाजूला मूळ उत्पादकाचा बॅच नंबर राहिलेला असतो. आमच्या तीन पोत्यांवर तो सापडला आहे.