रेव्हिटची फॅमिली टेम्पलेट: सोलापुरातील छज्ज्याच्या निमित्ताने

ऑटोडेस्कच्या रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतींचे त्रिमितीय मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्वतःचा घटक, म्हणजे फॅमिली, तयार करायला घेतली की सर्वप्रथम टेम्पलेटांची, म्हणजे सुरुवातीच्या तयार साच्यांची, लांबलचक यादी समोर येते. दार, खिडकी, फर्निचर, दिवे यांची टेम्पलेट वेगवेगळी असतातच, शिवाय सर्वसाधारण वस्तूंसाठीच्या एकट्या ‘जेनेरिक मॉडेल’मध्येही भिंतीवर, जमिनीवर, छतावर, कोणत्याही पृष्ठभागावर किंवा रेषेवर आधारलेले असे अनेक प्रकार मिळतात. सोलापुरात घरांची आणि यंत्रमागाच्या शेडची कामे करताना मी ही टेम्पलेट रोज वापरतो आणि त्यांच्याविषयी माझे मत चांगले आहे. नवख्या माणसाची फसगत होते ती नावांमुळे, कारण नाव वस्तूचे सांगते, पण खरा निर्णय ती वस्तू कशाच्या आधाराने उभी राहणार याचा असतो. कॅटेगरी, म्हणजे दार, खिडकी असा वस्तूचा वर्ग, चुकली तर ती बहुतेक वेळा नंतर बदलता येते. होस्ट, म्हणजे वस्तूला आधार देणारा घटक, मात्र टेम्पलेट निवडताक्षणी कायमचा ठरतो.

याची किंमत आम्ही एका शेडच्या वीजजोडणीच्या आराखड्यात मोजली. स्विचबोर्ड भिंतीवरच बसणार, म्हणून आम्ही भिंतीवर आधारलेले टेम्पलेट घेतले. इमारतीचे मॉडेल मात्र वेगळ्या फाइलमध्ये होते आणि आमच्या फाइलला ते लिंक केलेले होते. लिंकमधील भिंत अशा घटकाला होस्ट म्हणून चालत नाही, त्यामुळे सगळे बोर्ड पृष्ठभागावर आधारलेल्या टेम्पलेटात पुन्हा रचावे लागले. हा प्रकार लिंकमधील भिंतीच्या पृष्ठभागावरही बसतो, आणि पुढे ती भिंत काढून टाकली तरी घटक नाहीसा न होता होस्टविना जागच्या जागी राहतो. भिंतीवर आधारलेला घटक भिंतीबरोबरच पुसला जातो. खिडकीच्या बाबतीत ते योग्यच आहे, पण बोर्ड असे गुपचूप गेले तर मोजमापाच्या तक्त्यातील संख्याही नकळत घटते.

खिडकीचे टेम्पलेट मला सर्वांत आवडते. त्यात नमुन्याची भिंत, कापलेले भगदाड आणि रुंदी व उंचीचे पॅरामीटर, म्हणजे हवी तशी बदलता येणारी मापे, तयारच मिळतात. त्यावर आम्ही काँक्रीटचा छज्जा आणि तळाला शहाबादी फरशी असलेली खिडकी बांधली. पहिल्या प्रयत्नात छज्ज्याची ६०० मिलिमीटर लांबी भिंतीच्या मध्यरेषेपासून धरली होती. परिणामी २३० मिलिमीटरच्या विटांच्या भिंतीबाहेर छज्जा ४८५ मिलिमीटर आला आणि जुन्या घराच्या ४५० मिलिमीटरच्या दगडी भिंतीबाहेर जेमतेम ३७५. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो अशा गावात खिडकीवरची एवढी सावली कमी होणे परवडणारे नाही. छज्जा भिंतीच्या बाहेरील पृष्ठभागाला आणि फरशी दोन्ही पृष्ठभागांना लॉक केल्यावर, म्हणजे भिंतीच्या जाडीबरोबर सरकतील अशी बांधल्यावर, दोष गेला. टेम्पलेटातील नमुन्याच्या भिंतीची जाडी फॅमिलीतच बदलून पाहता येते. ही चाचणी केल्याशिवाय खिडकी प्रकल्पात घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

यंत्रमाग, कपाटे आणि टाक्या यांना होस्टच नसलेले टेम्पलेट पुरते. रेषेवर आधारलेला प्रकार कुंपणासारख्या लांबीने वाढणाऱ्या वस्तूंना शोभतो, पण आमच्या कामात त्याची गरज क्वचितच पडते.

होस्ट बदलता येत नाही ही या टेम्पलेटांची मोठी उणीव आहे, आणि नेस्टिंगने, म्हणजे एका फॅमिलीत दुसरी बसवून, ती बरीचशी भरून निघते. वस्तूचा आकार होस्ट नसलेल्या फॅमिलीत रचावा आणि ती फॅमिली भिंतीवर किंवा पृष्ठभागावर आधारलेल्या दुसऱ्या फॅमिलीत बसवावी. होस्ट चुकला तर फक्त बाहेरचे आवरण नव्याने करावे लागते, आतला आकार आणि त्याचे पॅरामीटर जसेच्या तसे राहतात. आतील पॅरामीटर बाहेरच्या फॅमिलीतील पॅरामीटरांशी जोडण्याचे काम किचकट आहे, तरीही नव्या स्विचबोर्डांपासून आम्ही हीच पद्धत ठेवली आहे.